जावयाचं तख्त

१ मे १९९९, शनिवार

आजपासून हिंगोली स्वतंत्र जिल्हा. परभणीची कटकट संपली. शिरड शहापूरला फटाके वाजले म्हणे, आमच्या गावापर्यंत आवाज आला नाही. नवा जिल्हा, नवी रोजनिशी.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. चहा कमी. प्रबंध दिवाळीपर्यंत हातावेगळा. विषय असा की अख्ख्या मराठवाड्यात त्याला कुणी हात लावलेला नाही: मंगोल व त्यांच्या वारसांमधील पवित्र राजपद आणि पूर्वजपूजा. प्रस्तावना जवळजवळ तयार. शेवटचा परिच्छेद तेवढा काही वर्षं अडलाय. तो सुटला की पुढचं घरंगळत येईल.

वसमतच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो. तास कमी झाले, मग संपले. सासुरवाडीला शांतपणे लिहिता येईल म्हणून दोन महिन्यांसाठी आलो, त्याला आता सहावं वर्ष लागलं. गाव याला घरजावई म्हणतं. मी फील्डवर्क म्हणतो.

२ मे

उठलो साडेनऊला. पाचला जाग आली होती, पण लाइट नव्हती. अंधारात उठून डोळे खराब करण्यात अर्थ नाही. संकल्प मी मोडलेला नाही, लाइटीनं मोडला.

५ मे

घरची परिस्थिती एकदा मांडून ठेवतो, म्हणजे विचाराला शिस्त येईल.

सासरे ग्यानबा पाटील. सगळे आबा म्हणतात. संक्रांतीला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलण्यातला एकच शब्द उरला: न्हाई. मुलगा नाही. एकुलती मुलगी मिरा, ती माझी बायको. शेती तीच बघते, कारण मला लिहायचं असतं. आबांनंतर घराण्याचा मान कुणाकडे, यावर पारावर रोज खल चालतो. सगळे मिराच्या चुलतभावाचं, शिवशंकरचं नाव घेतात. माझं अजून कुणी घेतलेलं नाही. मोठी नावं लोक आधी मनात घेतात, मग तोंडात.

आज आबांनाच विचारलं की तुमच्या मागे मीच ना? आबा म्हणाले, न्हाई. लकव्यात माणसाला म्हणायचं एक असतं आणि तोंडातून निघतं उलटं. चेहऱ्यावरून मला बराबर कळलं.

९ मे, रविवार, दुपार

शोध लागला! 

तैमूरलंग चंगीजखानाच्या रक्ताचा नव्हता. त्यामुळे त्याला खान म्हणवून घेता येईना, कारण राजेपण आकाशातल्या देवानं चंगीजच्या रक्तालाच दिलेलं. मग त्यानं काय केलं? चंगीजच्या घराण्यातली मुलगी केली आणि पदवी लावली: गुरगान. गुरगान म्हणजे जावई! आणि चंगीजच्या रक्ताचा एक खान गादीवर शोभेला बसवला. नाव त्याचं, हुकूम जावयाचा. पुढे दिल्लीचे बादशहासुद्धा स्वतःला गुरकानी म्हणवत. म्हणजे अर्धी दुनिया जावयांनी हाकली, आणि इथे शिवशंकर मला बघून तंबाखूची पिंक टाकतो.

आबा, खान. मिरा, राजकन्या. मी, गुरगान. सगळं जुळतंय. मिराला सांगितलं. ती हळद शिजवायच्या कढया घासत होती. म्हणाली, तुमी गुरगान असाल तर तो कढईचा दुसरा कान धरा. राजकन्यांना राजकारण कळत नाही.

११ मे

मुघल बादशहा रोज सकाळी झरोक्यात येऊन प्रजेला तोंड दाखवायचा. एक दिवस दिसला नाही की बाजारात बोभाटा, गेला. शहाजहान आजारपणात दिसेनासा झाला आणि लगेच पोरांच्या तलवारी निघाल्या. राजा दिसला पाहिजे. आतून कसा का असेना.

म्हणून आजपासून आबांचं झरोका-दर्शन. सकाळी आठला ओट्यावर हाताची खुर्ची, आबांना फेटा, कोट, मागे मी उभा. सालगडी लखमा, पलीकडच्या तांड्यावरचा, त्यानं उचलून आणलं. कोट लोकरीचा आहे, पण राजाला हंगाम नसतो. दहापर्यंत बसवलं. आबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भावना अनावर झाल्या असणार. येणारेजाणारे रामराम घालत होते. दोघांनी तर माझ्याकडेही पाहिलं.

मिरा शेतातून आली आणि ओरडली की त्यांला उनात काहून बसवलं, अंगाची लाही होऊन राहिली. तिला म्हटलं, हे उन्ह नाही, दर्शन आहे. तिनं आबांना आत नेलं. उद्या ती गेल्यावर बसवीन.

१७ मे

कालपासून धोंड्याचा महिना. अधिकात जावयाला धोंडे, अनारसे, आहेर. तैमूरच्या काळी ही सोय होती की नाही, बघावं लागेल.

अडचण अशी की जावई बाहेरून यावा लागतो आणि मी तर घरातच. सासूबाईंना, नर्मदाबाईंना, हा पेच समजावून सांगितला. म्हटलं, मी सकाळच्या गाडीनं वसमतला जातो, संध्याकाळी पाहुणा म्हणून येतो. सासूबाई म्हणाल्या, जवाईबापू, गेला तर चार दिस ऱ्हाऊन या, घाई न्हाई. किती हा जिव्हाळा.

गेलो. स्टँडवर दिवसभर बसलो. संध्याकाळी आलो तर दाराला कडी. सगळे शेतावर. धोंडे ताटाखाली झाकून ठेवले होते. दोन होते. लखमा म्हणाला, बाकीचे शिवशंकर मालकांनी खाल्ले.

६ जून

मंगोल आपल्या पूर्वजांच्या लोकरीच्या बाहुल्या करून तंबूत टांगत आणि जेवणाआधी त्यांच्या तोंडाला चरबी फासत. खुद्द चंगीजची मूर्ती केली होती. तिच्यापुढे वाकला नाही म्हणून एका रशियन राजाला मारून टाकलं. अशी शिस्त पाहिजे.

आपल्याकडे देवघरात पितरांचे चांदीचे टाक आहेत. चार बोटांचे. त्यांना बघून कोण घाबरणार? म्हणून आबांच्या आबांची लोकरीची मूर्ती केली. लोकर म्हणून कोपऱ्यात पडलेली एक घोंगडी कापली. मूर्ती ओसरीत टांगली, तोंडाला तूप लावलं आणि येईल त्याला वाकायला सांगितलं. शिवशंकर आला, वाकला नाही. नोंद केली आहे.

संध्याकाळी कळलं की घोंगडी सासूबाईंना त्यांच्या आईनं दिलेली शेवटची वस्तू होती. त्या कापलेला तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी म्हटलं, वस्तूचं सोनं झालं.

७ जून

पूर्वजाला मांजरानं नेलं. तूप जास्त झालं होतं.

२० जून

मंगोल पूर्वजाच्या नावानं घोडा सोडत, त्याच्यावर कुणी बसायचं नाही. आपल्याकडे घोडा नाही. हौश्या आणि हरण्या, ही पाटलाची जोडी. हरण्या आजपासून पूर्वजांचा, त्याला कुणी जुंपायचं नाही, असं रात्रीच्या जेवणावर जाहीर केलं. मिरा म्हणाली, पेरणी काय तुमाला जुंपून करू? सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसल्या की बरं वाटतं, त्यांनी मला माफ केलं असावं.

२१ जून

मी उठायच्या आत हरण्या शेतात. पेरणी अर्धी झाली. हरण्याला जाहीरनामा वाचून दाखवायला हवा होता.

११ जुलै, रविवार

निर्णायक दिवस.

पाटीलकी कायद्यानं गेली त्याला जमाना झाला, पण पोळ्याला ती अजून जिवंत आहे. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची. तिचा कासरा ज्याच्या हातात, तो गावाचा पाटील. बाकी सात-बारा, सोसायटी, सगळं झूट. गेल्या वर्षापर्यंत कासरा आबांच्या हातात असे. यंदा त्यांची मूठ वळत नाही. तेव्हा कोण?

पारावर बैठक झाली. शिवशंकर म्हणाला, आबाला तकलीफ कशाला, मी धरतो. मी उभा राहिलो. तैमूरचा दाखला दिला. लोकांनी शांतपणे ऐकलं, दोघं उठून गेले तेवढंच. शेवटी ठरलं ते असं: आबा स्वतः वेशीत हजर असले तर कासरा त्यांच्या हातात, आधाराला जावई चालेल. आबा आले नाहीत तर शिवशंकर.

म्हणजे मीच! फक्त आबांना खुर्चीत बसवून वेशीपर्यंत न्यायचं. नऊ सप्टेंबर. तोवर आबांना जपायचं. इतकी माया मला माझ्या वडिलांबद्दलही कधी वाटली नाही.

८ ऑगस्ट

तालीम रोज चालू. आबांच्या उजव्या मुठीत कासरा देतो आणि वरून माझी मूठ आवळतो. त्यांना दुखतं, असं मिराचं म्हणणं. हातात जीवच नाही तर दुखेल कशाला? शास्त्र आहे. आबा सारखं न्हाई न्हाई म्हणतात. उलटं निघतं.

आज एक वैद्यकीय चमत्कार. मी दाराआड होतो. शिवशंकर आबांजवळ बसून त्यांना पपई भरवत होता. म्हणाला, आबा, गोड हाये का? आबा म्हणाले, व्हय. स्वच्छ. मग म्हणाला, थकलासा का? परत व्हय.

हे उलट्याचं उलटं झालं असावं. या विषयावर जास्त विचार करायचा नाही, असं ठरवलं.

२९ ऑगस्ट

निवडणुकीच्या जीपा भोंगे लावून फिरतात. आमच्या ओट्यापुढे एक उमेदवार थांबला, आबांच्या पाया पडला. मागे उभ्या असलेल्या मला म्हणाला, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय. झरोका-दर्शनाचा प्रभाव दिल्लीपर्यंत पोचतोय.

आबांच्या मिशा काळ्या केल्या. डाय डोळ्यात गेला. काळा गॉगल घेतला. आता तर फारच रुबाबदार दिसतात.

६ सप्टेंबर, सोमवार

आबांना परवापासून ताप. छातीत घरघर. मिरा कपाशीच्या फवारणीत अडकलेली, म्हणून मीच जीप करून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पाठीला नळी लावली आणि म्हणाला, न्यूमोनिया दिसतो, आजच नांदेडला ॲडमिट करा, उशीर करू नका.

आज सोमवार. नांदेडला ॲडमिट केलं तर आठवडा. गुरुवारी पोळा.

डॉक्टर तरुण आहे. तरुण डॉक्टरांना नांदेडची फार घाई असते. गोळ्या मागून घेतल्या. घरी आल्यावर मिरानं विचारलं, काय म्हणले? मी म्हटलं, साधा कफ आहे, गोळ्यांनी उतरेल. खोटं नाही. उतरला तर साधाच म्हणायचा. शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं नांदेड, हा पक्का संकल्प.

७ सप्टेंबर

ताप चढाच. आबांना माझ्या लिहायच्या खोलीत हलवलं. कारण सांगितलं की मी जागून सेवा करतो, तुम्ही दोघी दमल्यात. मिरानं माझ्याकडे असं पाहिलं, ते लग्नानंतर पहिल्यांदाच. डोळ्यात पाणी होतं. म्हणाली, मी तुमाला उगा बोलत असते.

फार बरं वाटलं. मी चांगला माणूस आहे, हे मला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वेगळं.

८ सप्टेंबर

खांदमळणी. लखमानं बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळली. सासूबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. मग खोलीच्या दाराशी येऊन आबांनाही म्हणाल्या, धनी, उद्या वेशीत जायचंय बरं का, दम धरा. आबा धापा टाकत होते. न्हाईसुद्धा म्हणाले नाहीत.

मिरा म्हणाली, उद्या ऱ्हाऊ द्या, शिवशंकर धरंल कासरा, आबाला नांदेडला नेऊ. मी म्हटलं, आबांची शेवटची इच्छा आहे. ती डाळ निवडायला आत गेली. शेवटची हा शब्द जरा जास्त झाला.

९ सप्टेंबर, पोळा, सकाळ साडेसहा

आबा गेले.

फेटा बांधायला गेलो तर अंग गार, तोंड उघडं. कधी गेले कळलं नाही. मी तर जागाच होतो, बहुतेक.

पहिलं मनात आलं, शिवशंकर. मग सुचलं की शिवशंकरलाही मिळत नाही! तो भावकीतला, त्याला सुतक. पण तसं माझंही जमत नाही, कारण घरात मयत झालं तर पाटलाची जोडी वेशीत जातच नाही. मान दुसऱ्या आडनावाकडे जाईल. एवढ्या महिन्यांचं फील्डवर्क वाया.

शांत डोक्यानं विचार केला. चंगीजखान मोहिमेवर मेला तेव्हा मरण लपवून ठेवलं. वाटेत दिसेल त्याला मारत गेले म्हणतात, बातमी फुटू नये म्हणून. मला कुणाला मारायची गरज नाही. नुसतं दार लावून घ्यायचं, संध्याकाळपर्यंत. जोडी तोरणाखालून गेली की मग आबांना मोकळं करायचं. उलट किती भाग्याचं मरण! पोळ्याच्या दिवशी, मानाच्या खुर्चीत.

सकाळ नऊ

मिरा दाराशी आली. हळूच म्हणाली, खोकला थांबला वाटतं. मी म्हटलं, पहाटे डोळा लागलाय, उठवू नको. ती हसली. म्हणाली, देवानं ऐकलं. गरम दूध ठेवून पुरण वाटायला गेली.

दूध मी प्यायलो. ग्लास भरलेला परत गेला असता तर संशय आला असता.

दुपार

फेटा, कोट, गॉगल. शेल्यानं खुर्चीला बांधलं. हात ताठलेत, पण पाटलाचा हात ताठच शोभतो. माश्या फार. अत्तर मारलं.

रात्री

आजचा दिवस कोणत्या दृष्टीनं बघायचा, ते अजून ठरलेलं नाही. घडलं ते क्रमानं लिहितो.

पाच वाजता खुर्ची निघाली. लखमा एका बाजूला, मी दुसऱ्या. तो म्हणाला, पाटील लई जड झाले. मी म्हटलं, मानाचं वजन असतं. वेशीत अख्खा गाव. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, हलगी. हौश्या-हरण्या पुढे. मी आबांच्या मुठीत कासरा अडकवला आणि वरून माझी मूठ. लोक म्हणाले, पाटील आले, पाटील आले. कुणीतरी म्हणालं, जावई असावा तर असा. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेवढ्यासाठी सगळं केलं होतं आणि ते मिळालं. डोळे भरून आले.

तोरण दहा पावलांवर. रीत अशी की जोडी जाण्याआधी पाटलीणबाई बैलांना आणि पाटलाला कुंकू लावते. हे मी विसरलो नव्हतो, पण सासूबाई लांबूनच लावतील असं धरून चाललो होतो. सासूबाईंनी हौश्याला लावलं, हरण्याला लावलं, मग फेटा जरा वर सरकवून आबांच्या कपाळाला अंगठा टेकवला.

अंगठा तिथेच राहिला.

हलगी चालू होती. त्या आबांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग ताट खाली ठेवलं, आबांचा गॉगल काढला, डोळे मिटवले. आणि सगळ्या गावासमोर स्वतःच्या तळव्यानं स्वतःचं कुंकू पुसलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, हे सकाळीच गेले, आन मी दिसभर पुरण शिजवून राहिले.

हलगी थांबली. मिरा धावत आली. तिनं आबांना हात लावला आणि तिचा जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही.

सासूबाई दोन मिनिटं थांबल्या असत्या तर जोडी तोरणाखालून गेली असती.

तरी मी शेवटचा प्रयत्न केला. शांतपणे मुद्दा मांडला: भावकीला सुतक आहे, जावयाला तसं सुतक नाही, तेव्हा कायदेशीरपणे आत्ता या जोडीचा कासरा धरायला अख्ख्या गावात मीच एकटा पात्र आहे. बिनतोड मुद्दा होता. तैमूरनंही हेच मांडलं असतं. शिवशंकर आबांचा शेला सोडत होता. वर न बघता म्हणाला, सुतक न्हाई म्हणता म्हंजे तुमी या घरचे न्हाईत. मंग अजून हितं काहून उभे?

याच्या उत्तरासाठी ग्रंथ बघावे लागतील.

गावानं बैल वेशीतूनच माघारी वळवले. तोरणाखालून कुणीच गेलं नाही. यंदाचा पोळा बाटला, असं म्हणतात.

१० सप्टेंबर

सकाळी अग्नी दिला शिवशंकरनं. मी मडकं धरायला पुढे झालो. लखमानं माझ्या हातातून घेतलं. सालगडी! याची दखल घेतली जाईल.

१२ सप्टेंबर

तो तरुण डॉक्टर भेटायला आला. त्याला कुणी बोलावलं होतं? ओसरीत बसून मिराला म्हणाला, मी तर त्याच दिवशी नांदेडला न्या म्हणालो होतो, वाचण्याजोगे होते. नंतर चहा पिऊन गेला. काय लोक असतात. दुःखाच्या घरात काय बोलावं, कळत नाही.

मिरा उठून आत गेली. मी समजावलं की तू दमली होतीस, तुला ताण नको म्हणून बोललो नाही. संध्याकाळी माझी पेटी, गादी आणि प्रबंधाचे कागद गोठ्यात ठेवलेले दिसले. मंगोल राजपुत्रांचे तंबू वेगळेच असत. रात्री हरण्यानं प्रस्तावना खाल्ली. शेवटचा परिच्छेद नव्हताच, त्यामुळे नुकसान मर्यादित.

१५ सप्टेंबर

गावात निर्णय झाला. पुढच्या वर्षापासून तोरणाखालून कुणाचीच जोडी पहिली नाही, सगळे एकदम. पाटलाचा मान बंद. शिवशंकरनंच सुचवलं म्हणे. म्हणाला, जिच्यापायी मेलेल्या माणसाला मिरवलं, ती पाटीलकी आमाला नको. म्हणजे चंगीजचं घराणं संपलं. इतिहासात याचं खापर नेहमी भलत्याच माणसावर फुटतं.

१७ सप्टेंबर

उद्या आबांचा दहावा, नदीवर. विचारपूर्वक ठरवलं की मुलाच्या नात्यानं जायचं. वसमतला जाऊन डोकं आणि मिशी भादरून आलो. न्हाव्यानं विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, वडील. ते ऐकून त्यानं पुन्हा एकदा वस्तरा फिरवला.

१८ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ

वसमत स्टँडवर लिहितोय. पेटी शेजारी आहे.

नदीवर सगळी भावकी होती. शिवशंकर माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, दाजी, त्या दिशी सुतक न्हाई म्हणलात, मंग आज हे टक्कल कशाचं? मी दुर्लक्ष केलं. राजघराण्यात असे प्रसंग येतात.

पिंड ठेवले. बाभळीवर कावळे होते, पण खाली उतरेना एकही. रीत अशी की गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून एकेकानं शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, धनी, मी येळेवर जेवीन, उपाशी ऱ्हाणार न्हाई. कावळा नाही. शिवशंकर म्हणाला, आबा, मिराकडं पाहीन, रान पडीक पडू देणार न्हाई. कावळा नाही. लखमा म्हणाला, पाटील, हौश्या-हरण्याला बाजार दाखवणार न्हाई. तरी नाही. उन्ह चढलं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

मला उमगलं. हे सगळे किरकोळ शब्द होते. आबांचा जीव मानात अडकला होता. मी पुढे गेलो. भावकीनं वाट दिली, अडवलं नाही कुणी. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, आबा, काळजी करू नका, हे घर, हा मान, सगळं मी सांभाळतो. मी आहे.

एक कावळा खालच्या फांदीवर आला होता, तो वरच्या फांदीवर गेला. बाकीचे उडाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग मिरा आली. पोळ्यानंतर तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. माझ्याकडे न बघता माझ्या शेजारीच उभी राहिली, हात जोडले आणि पिंडाकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, आबा, या माणसाला मी आता आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ देणार...

न्हाई म्हणायच्या आत कावळा उतरला.

आधी भात खाल्ला, मग वडा. निवांत, मान वाकडी करून. सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला आणि हात जोडले. मीही जोडले.